पाच मैल पाठ केलेलं वाक्य

तेलाचे भाव कोसळले त्या वर्षी ह्यूस्टनमधली आमच्या ओळखीची निम्मी माणसं घरी बसली. त्यात माझा नवराही होता. एका गुरुवारी तो भर दुपारी घरी आला. गाडीत पुढच्या सीटवर ऑफिसमधली मनीप्लँटची कुंडी होती, आणि तिला त्याने बेल्ट लावलेला होता. मी दारातून ते पाहिलं आणि काय झालंय ते मला कळलं. विचारायची गरज पडली नाही.

आमचं घर शुगर लँडला. मुलगी नऊ वर्षांची. मी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबचं शिक्षण घेतलेलं होतं, अमेरिकेतली परीक्षाही दिली होती, पण मुलगी झाल्यापासून नोकरी अशी केली नव्हती. ह्यूस्टनमधल्या हॉस्पिटलांनी सरळ नकार दिला. होकार आला तो लुइझियानातल्या एका लहान गावाकडून. गाडीने चार तास. शेवटी असं ठरलं की सोमवार ते शुक्रवार मी तिकडे राहायचं, शनिवार-रविवार घरी. नवऱ्याने मुलीला सांभाळायचं, स्वयंपाक करायचा आणि नोकरी शोधायची.

"चार महिन्यांचाच प्रश्न आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं.

फेब्रुवारीत मी त्या गावात गेले. उसाचा मुलूख. गावाला लागून संथ, चहाच्या रंगाचं पाणी वाहायचं, त्याला तिथे बायू म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी तिथे फ्रेंच बोलणारी माणसं येऊन राहिली आणि म्हातारी माणसं अजून घरात तीच भाषा बोलत होती. मधोमध जुनं चर्च, त्याच्यामागे दफनभूमी. जमीन ओली म्हणून थडगी जमिनीवरच बांधलेली, चुना दिलेल्या लहान लहान घरांसारखी. चर्चच्या मागच्या गल्लीत एका विधवा बाईंच्या लाकडी घरात मला खोली मिळाली. बाई पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, कायम ॲप्रन बांधलेल्या. मी त्यांना तोंडावर 'मॅम' म्हणायचे आणि मनातल्या मनात मावशी. त्या मला 'शेर' म्हणायच्या. त्यांच्या बोलीत तो लाडाचा शब्द आहे हे समजायला मला आठवडा लागला. तोपर्यंत मला वाटायचं, माझं नाव जमत नाही म्हणून काहीतरी म्हणताहेत.

लॅबमधली माझी पाळी अकराला सुरू व्हायची. पहाटे पाचला डोळे उघडायचे आणि मग सहा तास करायचं काय? खोलीत पलंग, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रॉस. मी खुर्चीवर बसायचे, उठायचे, मुलीला पत्र लिहायला घ्यायचे, दोन ओळींवर सोडायचे. मुलगी आता उठली असेल, नवऱ्याने डबा भरला असेल का, वेणी कोण घालत असेल. तिसऱ्या दिवशी चालायला निघाले. चालूनही बरं वाटेना. चर्चच्या कोपऱ्यावर पाय आपोआप पळायला लागले.

मी काही धावणारी नव्हते. शाळेत खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बसणारी मुलगी मी. त्या दिवशी पोस्टापर्यंत धावले आणि विजेच्या खांबाला धरून उभी राहिले. पण त्यानंतरचा तासभर डोक्यात कोणाचाच डबा नव्हता आणि कोणाचीच वेणी नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

मावशींना आधी ते मुळीच पटलं नाही. "कोणी पाहिलं तर म्हणतील, मी भाडेकरणीला उपाशी ठेवते म्हणून पळून चाललीय." पण आठवड्याभरात त्यांनी वाणसामानाच्या खाकी पिशवीचा कागद फाडला आणि पेन्सिलने त्यावर रस्ता काढून दिला. "गिरणीकडून जाऊ नकोस. तिथे दोन कुत्री आहेत, आणि त्यांचा मालक त्यांच्याहून वाईट. इकडून वळ. तीन ओक लागतील, तिथून परत."

पुढच्या आठवड्यात नवा कागद. तीन ओकांच्या पुढे, साखर कारखान्याच्या चिमणीपर्यंत. मग बायूवरच्या लाकडी पुलापर्यंत. मग पुलापलीकडे, उसाच्या दोन शेतांमधून जाणाऱ्या पांढऱ्या शिंपल्यांच्या रस्त्याने. माझं अंतर वाढत होतं, तसतसा त्यांचा नकाशाही लांब होत होता. शनिवार-रविवार घरी गेले की मी शुगर लँडच्या फुटपाथवरही धावायचे. नवरा म्हणायचा, "दोन दिवस तर येतेस. त्यातही बाहेर?" मी म्हणायचे, "अर्धा तासच रे." आणि तास लावायचे.

खरं सांगायचं तर घरी मला नीट बसताच येत नव्हतं. नवऱ्याने सगळं चांगलं सांभाळलं होतं, आणि तेच मला टोचत होतं. डबे वेगळ्या फडताळात गेले होते. वरणाला तो माझ्याहून चांगली फोडणी द्यायला लागला होता. मुलीशी मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पूर्वीही द्यायची, पण मधे मधे एखादं "आई गं" तरी असायचं. आता फोनवर फक्त "ओके. लव्ह यू. बाय."

"तू तिच्याशी मराठीत बोलतोस ना?" मी नवऱ्याला विचारलं.

"सकाळी साडेसातला बस येते," तो म्हणाला. "जी भाषा पटकन कळते ती बोलतो."

मे महिन्यात मावशींचा रस्ता पाच मैलांवर गेला. जाऊन-येऊन दहा. शिंपल्यांच्या रस्त्याच्या शेवटी शेजारचं गाव सुरू होत होतं, आणि त्याच्या तोंडाशी हिरव्या दाराचं एक घर होतं. "तिथून वळ," मावशी म्हणाल्या. मी परत आले की त्या कॉफी पुढे ठेवायच्या आणि सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "दार उघडं होतं का गं?"

"कुठलं दार?"

"ते हिरवं. गॅलरीत कोणी बसलं होतं?" पुढच्या व्हरांड्याला तिकडची माणसं गॅलरीच म्हणतात.

"एक म्हाताऱ्या बाई होत्या. कॉफी पीत होत्या."

"कपडे वाळत घातले होते?"

"हो."

"अच्छा," असं काहीतरी त्या फ्रेंचमध्ये म्हणायच्या आणि गॅसकडे वळायच्या.

असं रोज चालू झालं. मी धावून आले की घाम पुसायच्या आधी हिरव्या दाराची हकिकत सांगायची. महिन्याभराने मला शंका आली आणि मी लॅबमध्ये बरोबर काम करणाऱ्या एका तिथल्याच बाईंना विचारलं. त्या हसल्या. "तुला माहीत नाही? ती हिची धाकटी बहीण. अकरा वर्षं दोघी बोलत नाहीत. तू काय समजत होतीस, ती तुझी तब्येत सुधारत होती?"

मला आधी राग आला. आपल्याला टेहळणीला पाठवतात आणि सांगतही नाहीत. मी घरी जाऊन मावशींना सरळ विचारलं. त्या भेंडी चिरत होत्या. हात न थांबवता त्यांनी सगळं सांगितलं.

धाकटी बहीण शाळेत मास्तरीण होती. त्या काळी शाळेत फ्रेंच बोलायला बंदी होती. बोललं की शिक्षा. मावशींचा मुलगा सहा वर्षांचा असताना तिच्याच वर्गात गेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने लघवीला जाऊ का असं फ्रेंचमध्ये विचारलं, आणि मास्तरणीने, म्हणजे त्याच्या सख्ख्या मावशीने, त्याला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून उभं केलं. त्याची चड्डी ओली झाली. सगळा वर्ग हसला.

"त्यानंतर तो माझ्याशीसुद्धा फ्रेंच बोलला नाही," मावशी म्हणाल्या. "आज पन्नाशीला आलाय. कॅलिफोर्नियातून दर रविवारी फोन करतो. चांगला मुलगा आहे. पण मला इंग्रजीत त्याच्याशी हवामान सोडून काही बोलता येत नाही."

"आणि मग तुम्ही बोलणं सोडलंत?"

"तेव्हा नाही. तेव्हा आम्ही एका घरात जेवत होतो, कोण सोडतं बोलणं? आई गेली तेव्हा. हिने प्रार्थना इंग्रजीत ठेवल्या. नातवंडांना कळावं म्हणून. मी स्मशानातच सगळं बोलून टाकलं. तीस-बत्तीस वर्षांचं."

भेंडी संपली होती. त्या रिकाम्या फळीवर सुरी फिरवत राहिल्या.

मी हिरव्या दाराकडे धावणं सोडलं नाही. राग फार दिवस टिकला नाही, आणि पायांना त्या रस्त्याची सवय झाली होती. जून संपला. ऊस माझ्या डोक्यावर गेला होता आणि पहाटे साडेपाचलाही हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका बुधवारी गॅलरी रिकामी होती. मी येऊन सांगितलं. मावशींनी मान हलवली. गुरुवारीही रिकामी. तारेवर आदल्या दिवशीचेच कपडे होते, पायरीवर दोन वर्तमानपत्रं पडलेली. हे सांगितलं तेव्हा मावशी गॅसवर पीठ भाजत होत्या. त्यांनी ढवळणं थांबवलं आणि ते पीठ काळं पडेपर्यंत बघत राहिल्या.

"मी गाडीने जाऊन येऊ का?" मी विचारलं. "तुम्हीही चला."

"नको," त्या म्हणाल्या. "गाडी थांबली की तिला कळेल. तू धावतेस तशीच जा."

त्याच रात्री नवऱ्याचा फोन आला होता. महत्त्वाचं बोलायचंय, उद्या दुपारीच सुट्टी घेऊन निघ. काय ते फोनवर सांगेना. मला नीट झोप लागली नाही. पाचच्या आधीच बाहेर पडले आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की आपण कधी नव्हे इतक्या जोरात पळतोय. कशाला घाबरून, हे काही समजत नव्हतं. हिरव्या दारामागे काय असेल याला, की नवरा काय सांगेल याला.

गॅलरी रिकामीच होती. मी पहिल्यांदाच त्या अंगणात शिरले, पायरीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग काठीचा आवाज. दार उघडून मास्तरीणबाई उभ्या राहिल्या, मावशींपेक्षा उंच, एका घोट्याला जाड बँडेज.

"पाय मुरगळला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मेले नाही. जाऊन सांग तिला."

मी वर्तमानपत्रं पुढे केली.

"दोन महिने माझ्या घरात डोकावतेस. मला काय दिसत नाही? मुलांच्या पाटीवर नजर ठेवण्यात माझा जन्म गेलाय." त्या दाराच्या चौकटीला टेकल्या, मागच्या अंगणाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "फ्रेंच येतं का तुला?"

"नाही."

"मग पाठ कर. तिला माझं इंग्रजी चालणार नाही."

आणि त्यांनी एक वाक्य सांगितलं. मला अजून ते येतं. "ले फीग सों म्यूर. व्यँ अव्हाँ लेझ्वाझो." त्यांनी माझ्याकडून ते सात-आठ वेळा म्हणवून घेतलं. चुकले की काठी आपटायच्या. अर्थ मी विचारला तर म्हणाल्या, "तुला नाही सांगितलं. तिला सांगायचंय."

लहानपणी आजोबा मला संध्याकाळी स्तोत्रं पाठ करायला बसवायचे. अर्थ कोणाला माहीत होता! चालीवर म्हणायचं, बस. तसंच मी ते वाक्य पावलांवर बसवलं. डाव्यावर 'ले फीग', उजव्यावर 'सों म्यूर'. पाच मैल दुसरा विचार डोक्यात येऊ दिला नाही. कारखान्याजवळ एका ट्रकवाल्याने गाडी हळू केली आणि विचारलं, "सगळं ठीक ना, मॅम?" मी बोलले असते तर वाक्य निसटलं असतं. मी नुसता हात हलवला आणि ओठ पुटपुटत पुढे गेले. त्याने गावात जाऊन काय सांगितलं असेल कोण जाणे.

मावशी गॅलरीतच उभ्या होत्या. मी पायरीवर पोचले आणि दम खात ते म्हणून टाकलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तुझा 'र' फार वाईट आहे." आणि आत जाऊन त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. पावणेअकराला मी कामावर निघाले तोवर ते उघडलं नव्हतं. लॅबमधल्या बाईंनी मला अर्थ सांगितला: अंजिरं पिकली आहेत. पाखरांच्या आधी ये.

दुपारी मी ह्यूस्टनच्या रस्त्याला लागले. घरी पोचले तर नवऱ्याने जेवण गरम करून ठेवलं होतं. मुलगी मैत्रिणीकडे होती; ते त्याने मुद्दाम ठरवलं होतं.

"न्यू जर्सीला जॉब मिळालाय," तो म्हणाला. "केमिकल प्लँट. ऑगस्टमध्ये जॉइन व्हायचं. सोमवारी कळवायचंय. घर एडिसनच्या बाजूला बघता येईल."

मी उठून पाण्याचा ग्लास भरला. बसले. परत उठले.

"दहा मिनिटं एका जागी बसशील का?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. "पाच महिने मी तुझी पाठच बघतोय. येतेस काय, जातेस काय, मध्ये धावतेस. मी काय विचारतोय ते तरी ऐक."

"ऐकलं. चांगलं झालं की."

"मग तोंड असं का?"

"मला सोमवारी सकाळी परत जायलाच हवं. लवकर. अंजिरं आहेत."

"कुठली अंजिरं?"

मी सांगायला लागले. मक्याचे दाणे, ओली चड्डी, स्मशान, पाठ केलेलं वाक्य, सगळं उलटसुलट. तो आधी वैतागलेला होता, मग नुसता ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "पन्नास वर्षांचा माणूस आईशी हवामान बोलतो?" आणि उठून खिडकीपाशी गेला. मुलगी मैत्रिणीच्या घराकडून रस्ता ओलांडून येत होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "मी कंटाळलो होतो गं. म्हणून सोडून दिलं मी मराठी."

"मी इथे नव्हतेच," मी म्हणाले. त्यानंतर आम्ही त्याविषयी भांडलो नाही.

एरवी मी सोमवारी पहाटे निघायचे. त्या वेळी रविवारी रात्रीच निघाले. सोमवारी सहाला खोलीबाहेर आले तर मावशी गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या. चर्चला जायचा निळा पोशाख, डोक्यावर टोपी, मांडीवर पर्स, पायाशी बादली.

"कधीच्या बसलात?"

"शनिवारपासून," त्या म्हणाल्या. "सकाळी बसते, ऊन आलं की आत जाते."

"अहो, शेजारच्या कोणालाही सांगायचं. नेलं असतं त्यांनी."

"म्हणजे सगळ्या गावाला कळेल, मी गेले म्हणून."

गाडीने दहा मिनिटं लागली. मला ते फार चमत्कारिक वाटलं, इतकं जवळ.

मिठी वगैरे काही झालं नाही. मास्तरीणबाई काठी टेकत मागच्या अंगणात आल्या, मावशींनी झाडाकडे पाहिलं, आणि मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. एकीचा पाय मुरगळलेला, दुसरी पंचाहत्तरीची. झाडावर चढणार कोण! वरची निम्मी फळं पाखरांनी फोडून ठेवली होती. मी शिडीवरून फांदीवर गेले आणि खालून दोघी एकदम फ्रेंचमध्ये सूचना करायला लागल्या. मला एक शब्द कळत नव्हता, पण रागावताहेत एवढं कळत होतं. डावीकडचं काढलं की एक ओरडायची, उजवीकडचं काढलं की दुसरी. चिकाने माझे दोन्ही हात खाजायला लागले.

मग मास्तरीणबाईंनी हळू आवाजात काहीतरी विचारलं. मावशी खोडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग दोन-तीन शब्द बोलल्या. त्यानंतर खालून सूचना बंद झाल्या. मी उरलेली अंजिरं माझ्या मनाने काढली.

परतताना मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"विचारत होती, तो अजून अंजिरं खातो का." मावशी रस्त्याकडे बघत होत्या. "मी म्हटलं, मुरंबा खातो. बरणी पाठवते मी."

त्या आठवड्यात घरभर साखरेच्या पाकाचा वास होता. सहा बरण्या झाल्या. एक कॅलिफोर्नियाला गेली. ती पोचल्यावर मुलाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. मावशी त्याच्याशी इंग्रजीतच बोलल्या, पण त्याच्या मावशीने अंजिराचं झाड सांभाळलंय एवढं त्यांनी त्याला सांगितलं. तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. फोन नेहमीपेक्षा लांबला, इतकंच.

ऑगस्टमध्ये आम्ही न्यू जर्सीला गेलो. नाताळात मावशींचं कार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, सही त्यांची. दोघींचं ऑक्टोबरमध्ये पुन्हा वाजलं होतं, मुरंब्यात लिंबू घालायचं की नाही यावरून. पण तीन आठवड्यांत मिटलं. पोस्टमन निरोप नेत होता, आणि त्याचा 'र' चांगला होता, असं खास लिहिलं होतं.

मला वाटलं होतं, घर एकत्र आलं की माझं धावणं सुटेल. नाही सुटलं. एडिसनमध्ये नवरा शेजारी झोपलेला, मुलगी पलीकडच्या खोलीत, हॉस्पिटलची नोकरी दहा मिनिटांवर, तरी पाचला डोळे उघडायचे आणि पाय बूट शोधायला लागायचे. ते कशामुळे हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मुलीला रोज रात्री वीस मिनिटं मी मराठी वाचून दाखवायला लागले. ती कंटाळायची, आणि मी आधी तिलाच बोल लावायचे. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती वीस मिनिटं मलाही बसवत नाही. मग आम्ही चालता चालता बोलायला लागलो. ते जरा बरं जमलं.

मार्चमध्ये एकदा नवरा पहाटे उठून बसला आणि म्हणाला, "थांब, मीही येतो." ऑफिसचे मोजे, टेनिसचे जुने बूट. पहिल्या सिग्नलपर्यंत आला आणि कमरेवर हात ठेवून वाकला.

"तू जा पुढे," तो म्हणाला. "मी इथेच आहे."

मी दोन गल्ल्यांचा फेरा मारून आले, तर तो खरंच तिथे उभा होता. थंडीने नाक लाल झालेलं, बेकरीतून घेतलेल्या दोन कॉफ्या हातात, आणि एक त्याने आधीच अर्धी संपवली होती.